चित्रं बघायला कुठे जाता? पुण्यातले अनुभव सांगा

रानजाई
आमच्या घरच्या ग्रुपवर ती चित्रकार एम. एफ. हुसेनांची बातमी परत फिरतेय. १९५४ सालचं चित्र, २०२५च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ११८ कोटींच्या वर गेलं, ती. खाली काकांचं 'एवढ्यात कोथरूडला अख्खी सोसायटी आली असती' आणि मामेभावाचं 'हे तर आमचा चिंटू पण काढेल'. ते चित्र कित्येक दशकं ओस्लोच्या एका हॉस्पिटलात टांगलेलं होतं हे मी लिहायला घेतलं आणि सोडून दिलं. कुणाशी वाद घाला सकाळी सकाळी.

पण त्यावरून आठवलं. अकरावीत असताना मैत्रिणीबरोबर नाटकाची तिकिटं काढायला बालगंधर्वला गेले होते. खिडकी उघडायला वेळ होता, उन्हाचा कडाका होता, म्हणून कलादालनात शिरलो. तिथे पंखा होता आणि तिकीट नव्हतं. आत एक चित्रकार गृहस्थ स्टुलावर बसून डबा खात होते. आम्ही लांबूनच बघतोय म्हटल्यावर भाकरी हातात तशीच धरून म्हणाले, "जवळ या की. हात लावू नका, पण वास घ्या. अजून सुकलं नाहीये." जवसाच्या तेलाचा तो वास! ऑइलचा रंग वरून कोरडा वाटला तरी आतून ओला असतो, जाड थर असेल तर महिनेच्या महिने घेतो, हे त्यांनीच सांगितलं. तिकिटं मिळाली की नाही ते आठवत नाही. तेव्हापासून सवय लागली, त्या रस्त्याने गेले की आत डोकावायचं.

मी चित्रकार नाही, समीक्षक तर नाहीच. नुसती बघी. तुम्हीही असाल तर लिहा: कुठे जाता, काय बघितलं, कोण भेटलं, काय विकत घेतलं का. फार विचार करून लिहू नका.

सदाशिवपेठी
आधी गाडी कुठे लावायची ते सांगा, मग कलेचं बोलू.

रानजाई
मेट्रोने या. संभाजी उद्यान स्टेशनला उतरा, ते पगडीच्या आकाराच्या छताचं. तिथून बालगंधर्व चालत.

सदाशिवपेठी
पगडी आमच्या टॅक्समधून, ती बघायला तिकीट पण आम्हीच काढायचं. असो. कलादालनात गेलोय मी, सासूबाईंच्या भिशीतल्या एका काकूंचं वारलीचं प्रदर्शन होतं. चहा बरा होता.

बिनधास्त_आजी
रानजाई छान लिहिलंस ग. मी घोले रोडच्या राजा रविवर्मा दालनात जाते अधूनमधून. सकाळी फिरून येताना जावं तर बंद, भाजी घेऊन येताना जावं तर उघडं, म्हणून पिशवीतल्या मेथीसकट जाते. शिपाई ओळखतो आता, पिशवी ठेवून घेतो. माझा छंद म्हणजे अभिप्रायाची वही वाचणं. चित्रांइतकीच मजा त्यात. निम्म्या लोकांनी 'सुंदर' लिहिलेलं असतं, उरलेल्यांनी 'अप्रतिम'. एकाने लिहिलं होतं 'पुढील वाटचालीस शुभेच्छा, चि. अमुकच्या मुंजीला यावे'. मी मात्र जे आवडलं नाही ते पण लिहिते. एकदा एका मुलाने गाठून विचारलं, आजी, आकाश जड वाटतं म्हणजे नक्की काय हो? अर्धा तास उभ्या उभ्या बोललो, मेथी सुकली.

ओंकार७
आजी __/\__

नंदा_प्र
आजी तुमचा प्रतिसाद यांना वाचून दाखवला, दोघं हसतोय. अवांतर: मुलगा सातवीत, चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसायचं म्हणतो, कोथरूड भागात चांगला क्लास सुचवा ना कोणी. स्थिरचित्र जमतं, संकल्पचित्रात गडबड.

दादरकर
पुण्यात समकालीन कला आहे हे वाचून आनंद झाला ;) आमच्याकडे काळा घोड्याला उतरलं की जहांगीर आर्ट गॅलरी, समोरच्या चौकापलीकडे एनजीएमए (राष्ट्रीय आधुनिक कला दालन), तिथून कुलाब्याच्या गॅलऱ्या, सगळं पायी. तुमच्याकडे एक कलादालन घोले रोडला, दुसरं कोरेगाव पार्कात, तिसरं धरणाच्या काठी.

सदाशिवपेठी
आणि जहांगीरला प्रदर्शनाचा नंबर लागायला किती वर्षं लागतात ते पण सांगा की दादरकर. अर्ज करताना केस काळे असतात म्हणे.

दादरकर
हे मात्र मान्य.

कुंचला
मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे स्टुलावर बसून डबा खाणारा. (रानजाई, ते गृहस्थ मी नव्हे. मी तेव्हा अभिनव कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असेन.) बघायला येणाऱ्यांना माहीत नसतं म्हणून लिहितो.

महापालिकेचं दालन भाड्याने मिळतं, दिवसावर. भाडं परवडतं, मारतात ते बाकीचे खर्च: फ्रेमिंग, टेम्पो, निमंत्रणपत्रिका, उद्घाटनाचे पाहुणे, त्यांची शाल, नारळ, फोटोग्राफर. विकलं गेलं तर सगळं आपलं, नाही गेलं तर सगळं आपल्याच घरी, पलंगाखाली. खाजगी गॅलरीत हा खर्च पुष्कळसा गॅलरी बघते, पण विक्रीतला तिसरा हिस्सा ते निम्मा वाटा त्यांचा. लोकांना हे ऐकून लूट वाटते. मला वाटत नाही. माझं चित्र मला स्वतःला विकता येत नाही, किंमत सांगताना घसा सुकतो. ते काम दुसरं कोणी करत असेल तर घेऊ दे पैसे.

राग येतो तो एकाच गोष्टीचा. माणूस दालनात येतो, मोबाइल वर धरतो, व्हिडिओ घेत घेत एका दारातून दुसऱ्या दारात जातो. एकाही चित्रासमोर थांबत नाही. त्यापेक्षा नुसतं पंख्याखाली बसायला येणारे परवडले, ते निदान बसल्या बसल्या समोरच्या भिंतीकडे बघतात तरी.

पाऊसवेडा
लाल टिकल्यांबद्दल पण सांगा, चित्र विकलं गेलं की शेजारी लावतात त्या. मित्र स्वतःच्या चित्रांना स्वतःच दोन टिकल्या लावून ठेवायचा पहिल्या दिवशी. म्हणायचा रिकाम्या पाटीला कोणी विचारत नाही.

कुंचला
त्यावर आमच्यात बोलायचं नसतं :)

ओंकार७
हपिसातून टाकतोय, तुटक वाटेल. मी आयटीवाला, कलेशी संबंध शून्य. कोरेगाव पार्कात कामानिमित्त असायचो, जेवायला मलाका स्पाइसला गेलो की भिंतीवरची चित्रं बघायचो, खाली किमती लिहिलेल्या. तिथून चटक लागली. मग तिथल्या एका गॅलरीत जायचं धाडस केलं. काचेचं दार, आत चिडीचूप, एसी, एक मुलगी लॅपटॉपवर. मला वाटलं आता विचारणार काय काम आहे. तिने मान वर करून नमस्कार केला आणि परत कामाला लागली, संपलं. चित्रांखाली किमती नव्हत्या. कोणीतरी नंतर सांगितलं की किमतींची यादी मागायची असते, मागितली की देतात, न घेता निघून गेलं तरी कोणी काही म्हणत नाही.

शेवटी घेतलं ते मूळ चित्र नाही, सेरिग्राफ, म्हणजे स्क्रीन प्रिंटने काढलेली मोजकी छापील प्रत. खाली पेन्सिलीने ७/५० आणि सही. म्हणजे पन्नास प्रतींपैकी सातवी. बायको म्हणाली पन्नास जणांकडे असलेली वस्तू एवढ्याला? मी म्हटलं आपल्या गाडीसारखी किती लाख जणांकडे आहे. चित्र घरी आलं आणि घरमालकाचा फोन: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. करारात आहे. तेव्हापासून ते टीव्हीच्या स्टँडवर टेकवून ठेवलंय आणि टीव्ही बेडरूममध्ये गेलाय.

बिनधास्त_आजी
टीव्ही गेला हे उत्तम झालं.

रानजाई
ओंकार, कागदावरचं आहे ना? पावसाळ्यात जपा. माझ्याकडच्या एका जलरंगाला बुरशीचे तपकिरी ठिपके पडलेत. फ्रेमवाल्याने साधा पुठ्ठा लावला होता मागे. कागदाला लागून ॲसिड-फ्री (आम्ल नसलेला) माउंटच हवा, काच कागदाला चिकटता कामा नये, आणि बाहेरच्या भिंतीवर लावायचं नाही, ओल येते. फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवले की हवा खेळती राहते.

ओंकार७
भिंतच नाही तर ओल कुठून येणार :) पण माउंट बदलतो. धन्यवाद ताई.

घोरपडे_सरकार
सगळ्यांचं कौतुक चाललंय म्हणून एक उलटी बाजू. मी पण जातो प्रदर्शनांना, बायको नेते. निसर्गचित्र, माणसं, पेठेतले वाडे, घाट, हे कळतं. पण कॅनव्हासवर करडा रंग फासून 'अनटायटल्ड ४' लिहायचं आणि वर आपल्यालाच विचारायचं तुम्हाला काय जाणवलं? चित्रकार तुम्ही की मी? सरळ सांगा, यातलं निम्मं तरी थोतांड आहे की नाही?

पाऊसवेडा
निम्मं असेल. पण ते थोतांड नाटकात, गाण्यात, फर्निचरमध्ये पण आहे. निसर्गचित्रात तर पोत्याने आहे, फक्त झाड ओळखू येतं म्हणून आपण माफ करतो.

कुंचला
सरकार, रागावू नका, थोडं लांब होईल. चित्रकार गायतोंडे घ्या. नागपूरचा जन्म, १९२४. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले. त्यांच्या एका चित्राला २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाख मिळाले तेव्हा तुमच्यासारखाच गदारोळ झाला होता. त्यांची चित्रं फोटोत बघितली तर भिंतीला पोपडे आल्यासारखी दिसतात, मीही विद्यार्थी असताना हेच म्हणायचो. प्रत्यक्षात समोर उभं राहिलं की कळतं, रंग रोलरने आणि पॅलेट नाइफने चढवलाय, मग काढलाय, परत चढवलाय. एका रंगाखालून दुसरा रंग बाहेर येत असतो. ते फोटोत येतच नाही. तुम्हाला तरीही आवडणार नाही कदाचित. पण मोबाइलवर बघून ठरवू नका एवढंच. आणि वाडे काढणारे सगळे प्रामाणिक असतात असंही नाही, वाडा खपतो म्हणून काढणारे मी रोज बघतो.

घोरपडे_सरकार
बरं. समोर उभं राहून बघतो. मग परत येऊन हेच म्हणीन.

डॉ_निमा
माझं ओपीडी संपता संपता. चित्रकार सुधीर पटवर्धनांचं नाव कोणी काढलंच नाही अजून? जन्म पुण्यातला, एएफएमसीचे (लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाचे) डॉक्टर, ठाण्याला वर्षानुवर्षं रेडिओलॉजीची प्रॅक्टिस करत चित्रं काढली. मुंबईला एनजीएमएमध्ये त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं, २०१९च्या शेवटी सुरू झालेलं, ते बघायला आम्ही दोघी मैत्रिणी मुद्दाम गेलो होतो. लोकलचे पूल, चाळी, इराणी हॉटेलात बसलेला माणूस. घोरपडे सरकार, यात सगळं ओळखू येतं आणि तरी डोक्यातून जात नाही. दिवसभर क्ष-किरणांच्या फिल्म बघणारा माणूस माणसांची अंगं अशी काढतो, त्याचा संबंध असेल का, हे मला अजून वाटत राहतं. पुढचा पेशंट आला.

दादरकर
बघा, पुणेकर चित्रकार बघायला पण मुंबईलाच यावं लागलं.

डॉ_निमा
दादरकर, चित्रकार आम्ही पुरवतो, भिंती तुमच्या.

श्रावणी_क
मला दालनांपेक्षा बाहेरचं आवडतं. कसब्यातल्या भिंतींवर स्ट्रीट आर्टवाल्यांनी चित्रं काढली होती, कॉलेजात असताना आम्ही शोधत हिंडायचो. काही पुसली, काहींवर क्लासच्या जाहिराती चिकटल्या. तांबट आळीतून जाताना ठोक्यांचा आवाज आणि कोपऱ्यावर भलामोठा रंगीत चेहरा, असं काहीतरी. नंतर २०१७च्या जानेवारीत पुणे बिएनाले (दर दोन वर्षांनी भरवतात तसं मोठं कलाप्रदर्शन) झालं तेव्हा पहिल्यांदा कळलं की वस्तूंची मांडणी, आवाज, नुसती जागा हीसुद्धा कला असते. आईला घेऊन गेले होते. ती एका मांडणीतल्या खुर्चीवर बसली, दमली होती बिचारी. आणि दोन जणांनी तिचा फोटो काढला, त्यांना वाटलं ती पण त्यातलीच.

बिनधास्त_आजी
श्रावणी, आईला सांग मानधन मागायचं.

पाऊसवेडा
पुणे स्टेशनजवळ टिफा स्टुडिओज आहे ना, पूर्वी हॉटेल होतं ती इमारत, तिथे कलाकार राहून काम करतात. ओपन स्टुडिओ असेल तेव्हा जा, अर्धवट कामं बघायला मिळतात. मला पूर्ण झालेल्यापेक्षा ती आवडतात. बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवनात पण अधूनमधून काहीतरी असतं. मी जर्मन शिकायला गेलो होतो, जर्मन राहिलं.

नंदा_प्र
झपूर्झा कला संग्रहालयाला कोणी गेलंय का मुलांना घेऊन? खडकवासल्याच्या पाण्याकाठी कुडज्यात आहे ते.

रानजाई
हो, २०२२ला सुरू झालं तेव्हापासून जातेय. तिकीट आहे, पण दिवस घालवता येतो. चित्रं, जुनी वस्त्रं, दिवे, दागिने वेगवेगळ्या दालनांत. सातवीतला मुलगा असेल तर एका दमात सगळं दाखवू नका, दोन दालनं झाली की पाण्याकडे सोडा. वही-पेन्सिल बरोबर द्या. एनडीए रोडने जाताना रविवारी ट्रॅफिक लागतं, शनिवारी सकाळी निघा.

नंदा_प्र
मस्त. आणि क्लासचं राहिलंच.

कुंचला
नंदाताई, क्लासला घालायच्या आधी रोज एक पान काढू दे. घरातलंच, मिक्सर, चप्पल, झोपलेले बाबा. संकल्पचित्राचा कागद, रंग सगळं अप्पा बळवंत चौकात व्हीनसच्या दुकानात मिळेल, पण शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. कोथरूडला माझ्या ओळखीच्या एक बाई शिकवतात, नाव इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

बाय द वे, पुढच्या महिन्यात घर बदलतोय. कोणाच्या माहितीत नीट टेम्पोवाला आहे का? साडेपाच फुटी कॅनव्हास आहेत, आडवे टाकून वर गाद्या ठेवणारा नको.

सदाशिवपेठी
आहे. आमच्या मंडळाची मूर्ती तोच आणतो. नंबर व्यनि केलाय, पण एक ते चार फोन करू नका.