प्रतिसाद: कोंड्यावर लिंबू चोळण्याआधी

ताई, कोंड्यासाठी लिंबाचा रस सरळ डोक्याला चोळून उन्हात बसायचा सल्ला वर आलाय, तो कृपया करू नका. लिंबाचा रस त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात, आणि आपलं वैशाखातलं ऊन तुम्हाला माहीतच आहे. रात्रभर तेल थापून ठेवणंही नको. कोंड्याची बुरशी तेलावरच पोसते. तेल लावायचंच तर न्हाण्याआधी तासभर पुरे.

आम्ही अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं. बोअरच्या पाण्यात साबणाचा फेसच होत नाही, केसांवर पांढरा थर बसतो. रिठा-शिकेकाईचं तसं होत नाही. माय रात्री 5-6 रिठे (बिया काढून), मूठभर शिकेकाई अन् थोडा वाळला आवळा लोखंडी कढईत भिजवते, सकाळी उकळून फडक्यातून गाळते. डोळ्यात जाऊ देऊ नका, फार झोंबतं.

न्हाल्यावर राठ केसांना जवस. 2 चमचे जवस 2 कप पाण्यात मंद आचेवर ढवळत उकळायचं, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार धरली की गरम असतानाच गाळायचं. थंड झालं तर गाळलंच जात नाही, माझं पहिलं भांडं तसंच वाया गेलं. लागेल तेवढंच करा, दोन दिवसांत आंबतं. केस यानं मऊ होतात, नवे उगवत नाहीत. लेकराच्या डोक्यात गोल चकत्या पडल्या असतील तर मात्र आधी डॉक्टरला दाखवा.