रेडिएशन चालू असताना अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल: विक्री थांबली पाहिजे की नाही?

रसायनवाला, धुळे
माझं मत सरळ मांडतो. कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या माणसाला, त्याच्या डॉक्टरांना न विचारता, अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल विकणं बंद झालं पाहिजे. आपल्याकडे घरोघरी बैठका घेऊन हे डबे खपवतात. भाषण ठरलेलं: फ्री रॅडिकल म्हणजे सगळ्या रोगांचं मूळ, आमची कॅप्सूल ती साफ करते. (फ्री रॅडिकल म्हणजे एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरलेला, समोरच्या रेणूवर चटकन झडप घालणारा रेणू; अँटिऑक्सिडंट त्याला विझवतं.)

आता रेडिएशन कसं काम करतं ते बघा. किरण पेशीतल्या पाण्याचे रेणू फोडतात, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं आणि ते गाठीतल्या पेशींचा डीएनए तोडतं. परिणामाचा मोठा वाटा याच मार्गाने येतो. ज्या रॅडिकलसाठी माणूस नाशिक-मुंबईच्या खेपा घालतो, तेच विझवायची कॅप्सूल त्याला घरी आणून विकायची? १९९४ साली फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या अभ्यासाचा निकाल आला. बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. कमी होईल या आशेने दिलं होतं!

मेडिकलवाला, चाळीसगाव
सर, फिनलंडच्या सिगारेट ओढणाऱ्यांचा हिशोब आपल्या अशक्त पेशंटला कसा लावता? पॅरासिटामॉल जास्त पोटात गेलं की दवाखान्यात एन-अॅसिटिलसिस्टीन देतात. ते यकृतातलं ग्लुटाथायोन भरून काढतं, म्हणजे शरीराचं स्वतःचं अँटिऑक्सिडंटच की. त्याने जीव वाचतात. सिकलसेलसाठी (लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) अमेरिकेत २०१७ मध्ये एल-ग्लुटामिनला मान्यता मिळाली, त्यामागचा विचारही पेशीवरचा ऑक्सिडेशनचा ताण हलका करण्याचाच. आणि चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीत अँटिऑक्सिडंट लिहिणारे डॉक्टर मी रोज बघतो. मग बोल फक्त बैठकवाल्यांनाच का?

केळीवाला, रावेर
मेडिकलवाल्या भाऊंशी सहमत. फ्री रॅडिकलची बाजू घेणाऱ्यांनी पॅराक्वाट पोटात गेलेला माणूस एकदा बघावा. तणनाशक आहे, आमच्या भागात शेताशेतात कॅन दिसतो. आमच्या ओळखीतला एक जण गेला. तोंड सोलून निघालं होतं, पण बोलत होता, पाणी मागत होता. पुढे हळूहळू श्वास पुरेना. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑक्सिजन लावला तर फुप्फुस आणखी जळेल. उतारा नाही. हे पाहिल्यावर 'रॅडिकल विझवू नका' हे मला ऐकवत नाही.

रसायनवाला, धुळे
केळीवाले दादा, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं. पॅराक्वाट फुप्फुसाच्या पेशीत इलेक्ट्रॉन घेतं, ऑक्सिजनला देतं, पुन्हा घेतं. प्रत्येक फेरीत सुपरऑक्साइड नावाचं रॅडिकल तयार होतं, म्हणून जादा ऑक्सिजन घातक. पण तिथेही व्हिटॅमिन सी, ई आणि एन-अॅसिटिलसिस्टीन वापरून झालंय, खात्रीचा उतारा अजून हाती नाही. इतकं मोठं संकट जे थोपवत नाही, ते डब्यातली कॅप्सूल थोपवेल यावर मी कसा विश्वास ठेवू?

पाइपवाला, जळगाव एमआयडीसी
कारखान्याच्या बाजूने सांगतो. पीव्हीसी बनतो तोच फ्री रॅडिकलने. पेरॉक्साइड तापलं की तुटतं, त्यातून निघालेलं रॅडिकल व्हिनाइल क्लोराइडचे रेणू एकाला एक जोडत नेतं. आणि उन्हात पडलेलं प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं तेही रॅडिकलमुळेच. म्हणून ठिबकच्या नळीत कार्बन ब्लॅक घालतात, ती काळी त्यासाठीच. रॅडिकल कुठे हवं आणि कुठे नको, एवढाच प्रश्न आहे.

आरोग्यसेविका, नंदुरबार
मेडिकलवाले भाऊ, सिकलसेलचं नाव तुम्ही काढलंत म्हणून लिहिते. धडगावकडच्या एका आईच्या पिशवीत हायड्रॉक्सियुरियाची, म्हणजे सिकलसेलवरच्या गोळीची, पट्टी जशीच्या तशी होती, एकही गोळी फोडलेली नाही. शेजारी अँटिऑक्सिडंटचा डबा, निम्मा संपलेला. "ही गोळी कॅन्सरची, ती नको, ही नैसर्गिक आहे," असं तिला कोणी तरी सांगितलं होतं. पोरगा दुखण्याने रात्रभर तळमळत होता. तुमचं एल-ग्लुटामिन आणि हा डबा एक नाही हो.

रसायनवाला, धुळे
ताई, ही गोळी कॅन्सरचीही आहे हे खरंच. पेशीला डीएनएचे घटक बनवायला एक एन्झाइम लागतं आणि त्या एन्झाइमच्या पोटात एक रॅडिकल कायम जपलेलं असतं. हायड्रॉक्सियुरिया नेमकं तेच विझवतं. म्हणून वाढत्या पेशी थबकतात, म्हणूनच रक्त वेळोवेळी तपासावं लागतं. सिकलसेलमध्ये तिने गर्भातल्या बाळाच्या रक्तात असतं तसलं हिमोग्लोबिन वाढतं आणि दुखण्याचे झटके कमी होतात. उलट मलेरियावरचं आर्टेमिसिनिन घ्या, ज्यासाठी तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं. त्यातला पेरॉक्साइडचा पूल परजीवीजवळच्या लोहाने तुटतो आणि निघालेली रॅडिकल परजीवीला मारतात. एक औषध रॅडिकल विझवतं, दुसरं पेटवतं. सरसकट सगळी विझवतो म्हणणाऱ्या डब्याला औषध कसं म्हणायचं?

मेडिकलवाला, चाळीसगाव
चिठ्ठीवर लिहिलेलं मी देणारच, तो माझा धंदा आणि डॉक्टरांचा अधिकार. तुमच्या सरसकट बंदीला माझा विरोध कायम आहे. मात्र रेडिएशन किंवा केमो चालू आहे का, हे विचारल्याशिवाय डबा काउंटरवर ठेवणार नाही.

आरोग्यसेविका, नंदुरबार
तुमच्या काउंटरवर विचारणारे तुम्ही आहात, भाऊ. बैठकीत कोण विचारतं? सर, 'हायड्रॉक्सियुरिया मनाने बंद करू नका' एवढ्यावर अर्धं पान लिहून द्या. पावरी बोलीत सांगायला आमच्या आशाताई आहेत.