अमेरिकेतली खुली आणि बंद प्रायमरी: एका घरातले तिघं तीन नियम सांगतात

दांडियाबाजारकर
नमस्कार मंडळी. काका-काकू अमेरिकन नागरिक. बरीच वर्षं पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या फिलाडेल्फियात काढून आता बडोद्यातच राहायला आलेत. त्यांची मुलगी टेक्ससला, मुलगा कॅलिफोर्नियात, दोघंही नागरिक. मेहुणे मात्र अजून ग्रीन कार्डवर. प्रायमरीचं, म्हणजे पक्षाचं तिकीट कोणाला हे ठरवायच्या मतदानाचं, बोलणं निघालं की ताई म्हणते, केंद्रावर जायचं, हवा तो पक्ष सांगायचा, मत द्यायचं. काका म्हणतात, आधी पक्ष नोंदवलेला नसेल तर मतपत्रिका हातातच देत नाहीत. दादा म्हणतो, आमच्याकडे सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच कागदावर असतात. खरं कोणाचं? आणि काका-काकूंना इथून प्रायमरीत मत देता येईल का?

सूरसागर_पाळ
तिघांचंही खरं आहे, कारण नियम देशाचा नाही, राज्याचा आहे.

आधी मूळ गोष्ट. आपल्याकडे गुजरातेत तिकीट ठरायच्या आधी पक्षाचे निरीक्षक येऊन कार्यकर्त्यांचा ‘सेन्स’ घेतात, आणि नाव वरून जाहीर होतं. सामान्य मतदाराला त्यात कोणी विचारत नाही. अमेरिकेत तिकीट कोणाला द्यायचं हेच मतदार ठरवतात, तेही बहुतेक ठिकाणी सरकारी यंत्रणेनं घेतलेल्या मतदानात. मग प्रश्न येतो की एका पक्षाचं तिकीट ठरवायला दुसऱ्या पक्षाच्या किंवा कुठल्याच पक्षाच्या नसलेल्या माणसाला बसू द्यायचं का. राज्यांनी याची वेगवेगळी उत्तरं दिली आहेत.

पेन्सिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, फ्लोरिडा, केंटकी ही बंद राज्यं. तिथं मतदार यादीत तुमच्या नावापुढे पक्ष लिहिलेला असतो आणि त्याच पक्षाची मतपत्रिका मिळते. पक्षाचा रकाना कोरा असेल तर उमेदवारांच्या निवडीत भाग नाही. पण पेन्सिल्व्हेनियात त्याच दिवशी त्या राज्याच्या घटनेतल्या दुरुस्तीचा प्रश्न मतदानाला असेल, तर तेवढ्यावर बिनपक्षाच्या मतदारालाही मत देता येतं. हे पुष्कळांना माहीत नसतं आणि ते घरी बसतात.

लोक फसतात ते तारखेत. पेन्सिल्व्हेनियात पक्ष बदलायची मुदत मतदानाच्या १५ दिवस आधीपर्यंत, फ्लोरिडात २९ दिवस. केंटकीत मेमधल्या प्रायमरीसाठी आदल्या वर्षीच्या ३१ डिसेंबरलाच दार बंद. न्यूयॉर्कमध्ये आता १४ फेब्रुवारी आहे, पूर्वी याहून कडक होतं. २०१६ च्या एप्रिलमधल्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत ऑक्टोबर २०१५ मध्येच संपली होती, आणि त्यामुळे खुद्द ट्रम्प यांची मुलं इव्हांका आणि एरिक यांना वडिलांना मत देता आलं नाही. म्हणून कुठल्याही राज्याबद्दल विचारताना ‘खुली की बंद’ एवढ्यावर थांबू नका. यादीत पक्ष लिहितात का, आणि तो कधीपर्यंत बदलता येतो, हे दोन्ही विचारा.

मांडवी_दरवाजा
टेक्ससबद्दल ताई बरोबर सांगतात, पण अर्धंच. तिथं नोंदणी अर्जावर पक्षाचा रकानाच नसतो. मार्चमध्ये केंद्रावर एका पक्षाची मतपत्रिका घेतली की त्या वर्षापुरते तुम्ही त्या पक्षाचे. टेक्ससमध्ये तिकीट मिळायला निम्म्याहून जास्त मतं लागतात. कोणालाच ती मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत मेमध्ये रनऑफ होतो, म्हणजे दुसरी फेरी. मार्चमध्ये डेमोक्रॅटिक कागद घेतला असेल तर मेमध्ये रिपब्लिकन रनऑफला बसता येत नाही. मार्चमध्ये अजिबात मत दिलं नसेल तर मात्र मेमध्ये कुठलाही एक पक्ष निवडता येतो. आणि प्रायमरीत मत दिलं की त्या वर्षी अपक्ष उमेदवाराच्या अर्जावर सही करायचा हक्क जातो. ‘खुली’ म्हटलं की लोकांना सगळं मोकळं वाटतं, तसं ते नाही.

विस्कॉन्सिनमध्ये पक्ष सांगावाही लागत नाही. ऑगस्टमधल्या प्रायमरीत सगळ्या पक्षांचे रकाने एकाच मतपत्रिकेवर असतात. पडद्याआड एका रकान्यात खुणा करायच्या. राज्यपालासाठी एका पक्षाचा आणि काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी, दुसऱ्या पक्षाचा उमेदवार आवडला म्हणून दोन्ही रकान्यांत खुणा केल्या, आणि मतपत्रिकेवर पक्ष निवडायच्या जागी खूणही केली नाही, तर सगळी मतं बाद. केंद्रावर यंत्र अशी मतपत्रिका परत करतं, म्हणून चूक सुधारता येते. टपालानं पाठवली असेल तर ती संधी नाही.

मधली राज्यंही आहेत: पक्षाच्या मतदाराला आपलाच पक्ष, बिनपक्षाच्या मतदाराला कुठलाही एक. कोलोराडोत अशा मतदाराला दोन्ही मोठ्या पक्षांच्या मतपत्रिका एकाच पाकिटात घरी येतात. एकच परत पाठवायची. दोन्ही पाठवल्या तर दोन्ही रद्द, आणि दरवेळी काही लोक हेच करतात. न्यू हॅम्पशायरमध्ये कागद घेताच तुम्ही त्या पक्षाचे होता. परत बिनपक्षाचं व्हायचं तर बाहेर पडताना तिथंच कार्ड भरून द्यावं लागतं. ते राहून गेलं तर पुढच्या वेळी दुसऱ्या पक्षाचा कागद मिळत नाही.

दांडियाबाजारकर
खूप आभार. मग दादाचं कॅलिफोर्निया यांत कुठे बसतं? तिथं म्हणे पहिले दोघंच शेवटच्या लढतीत जातात, मग ते दोघंही एकाच पक्षाचे निघाले तर?

सूरसागर_पाळ
निघतात की. कॅलिफोर्नियात २०१० च्या प्रपोझिशन १४ नं, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावानं, पद्धत बदलली आणि २०१२ पासून ती राज्यभर लागू झाली: सगळे उमेदवार एकाच कागदावर, सगळे मतदार एकत्र, आणि पहिले दोघं नोव्हेंबरच्या मुख्य लढतीत, पक्ष कुठलाही असो. पहिल्याच वर्षी ३१ व्या काँग्रेस मतदारसंघात काय झालं बघा. कल डेमोक्रॅटिक, पण त्यांचे चार उमेदवार उभे राहिले आणि मतं फाटली. रिपब्लिकन दोघंच होते, तेच पहिले दोन आले. नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅटिक मतदारांपुढे आपल्या पक्षाचा एकही माणूस नाही. या पद्धतीत आपल्या बाजूचे उमेदवार जास्त झाले की मार बसतो.

वॉशिंग्टन राज्यातही पहिले दोन. अलास्कात पहिले चार पुढे जातात आणि नोव्हेंबरमध्ये पसंतीक्रमानं मतं घेतात, २०२२ पासून.

दादांना हेही सांगा की राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी यात येत नाही. ती कॅलिफोर्नियातही पक्षवारच होते. पक्ष न नोंदवलेल्या मतदारानं आधी कळवलं नाही तर त्याच्या टपाली मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाची जागाच नसते. २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षानं अशा मतदारांना मत देऊ दिलं, रिपब्लिकन पक्षानं नाही. आणखी एक खड्डा: तिथं ‘अमेरिकन इंडिपेंडंट’ नावाचा खराखुरा पक्ष आहे. स्वतंत्र राहायचंय म्हणून लोक त्यावर खूण करतात आणि नकळत त्या पक्षात जातात. बिनपक्षाचं राहायचं असेल तर ‘नो पार्टी प्रेफरन्स’ हीच खूण.

हे ठरवण्याचा अधिकार पूर्ण राज्याकडेही नाही. पक्षाला बिनपक्षाच्या मतदारांना बोलवायचं असेल तर राज्य अडवू शकत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९८६ मध्ये कनेक्टिकटच्या खटल्यात सांगितलं. उलट, कॅलिफोर्नियातल्या पक्षांना नको असताना त्यांची तिकिटं सगळ्या मतदारांकडून ठरवून घ्यायची जुनी पद्धत २००० मध्ये रद्द केली. म्हणून एकाच राज्यात दोन पक्षांचे नियम वेगळे दिसले तर गोंधळू नका.

रावपुरा_टपाल
काका-काकूंचं सांगतो. दोघंही मत देऊ शकतात. परदेशात राहणाऱ्या नागरिकाचं राज्य म्हणजे अमेरिका सोडताना तो शेवटचा राहत होता ते. म्हणजे त्यांचं पेन्सिल्व्हेनिया. तिथलं घर विकलं असलं तरी चालतं, जुना पत्ता द्यायचा.

फेडरल पोस्टकार्ड अॅप्लिकेशन नावाचा एक अर्ज आहे. नोंदणी आणि मतपत्रिकेची मागणी दोन्ही त्यातच. प्रत्येकाचा वेगळा, आणि दरवर्षी जानेवारीत नवा भरायचा. गेल्या वर्षीच्या भरवशावर राहू नका. त्यात प्रायमरीसाठी पक्ष विचारणारा रकाना आहे. पेन्सिल्व्हेनिया बंद राज्य असल्यामुळे तो कोरा ठेवला तर प्रायमरीची मतपत्रिका येणारच नाही. परतायचा बेत नसेल तर तसंच लिहावं. मग फक्त राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेसची दोन सभागृहं, सिनेट आणि हाऊस, एवढ्यांचीच मतपत्रिका मिळते.

मतपत्रिका किमान ४५ दिवस आधी पाठवायचं बंधन राज्यावर आहे, आणि ती ईमेलनं मागवता येते. पेन्सिल्व्हेनियाला भरलेली मतपत्रिका मात्र टपालानंच परत जायला हवी. ईमेलला आली त्याच आठवड्यात छापून, भरून, पाकिटावरच्या प्रतिज्ञेखाली सही आणि तारीख घालून रवाना करा. सही राहिली की पाकीट बाद. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतही पाकीट देता येतं.

मांडवी_दरवाजा
मेहुण्यांसाठी एक गोष्ट, आणि ती आजच कळवा. ग्रीन कार्डवाल्याला काँग्रेस किंवा राष्ट्राध्यक्षपदाच्या कुठल्याच मतदानात मत नाही, प्रायमरी खुली असली तरी. वाहन परवान्याच्या खिडकीवर ‘मतदार नोंदणी करायची का’ असं सगळ्यांनाच विचारतात. तिथं घाईत ‘हो’ म्हणून नागरिक असल्याच्या चौकोनात खूण झाली, तर पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडतो आणि देशाबाहेर काढण्यापर्यंत वेळ येऊ शकते. तिथं ‘नाही’ म्हणायचं. चुकून नोंदणी झालीच असेल तर मत न देता आधी इमिग्रेशन वकिलाला गाठायचं, आणि नाव कसं काढायचं ते त्यालाच विचारायचं.