सीपॅपच्या नळीत पाणी साचते, गरम नळी घ्यावी का? (फोंडा)

बाबांना (वय ६२) स्लीप ॲप्निया आहे. स्लीप स्टडीत एएचआय ३४ आला, म्हणजे तासाला ३४ वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो. ३० पासून पुढे तीव्र धरतात. ऑटो सीपॅप आहे (झोपेत नळी-मास्कमधून दाबाने हवा देणारे, दाब आपोआप कमी-जास्त करणारे मशीन), दाब ६ ते १४, मास्क फक्त नाकाचा. मशीन लावल्यावर एएचआय ३ वर आलाय, त्यामुळे उपचार सोडायचा प्रश्नच नाही.

अडचण पावसाळ्यातली. पहाटे नळीत गुडगुड सुरू होते, थेंब थेट नाकात जातात, बाबा दचकून उठतात आणि मास्क काढून ठेवतात. ह्युमिडिफायर (मशीनची हवा दमट करणारा भाग) ५ वरून २ वर आणला. मशीन उशीपेक्षा खाली ठेवले, नळीला जाड सुती कापडाची खोळ शिवली. फरक पडला, पण एसी २४ वर लावला की वाफेचे गार नळीत पुन्हा पाणी होते. एसीशिवाय इथल्या दमटात झोप अशक्य, आणि ह्युमिडिफायर पूर्ण बंद केला की नाक सुकून चोंदते. दाब बदलायला डॉक्टरांनी मनाई केलीय.

आता गरम होणारी नळी घ्यायचा विचार आहे. आमच्याकडे रात्रीची वीज जाते, घरी १५० एएच बॅटरीचा इन्व्हर्टर आहे. गरम नळी आणि ह्युमिडिफायर दोन्ही चालू ठेवून, एक पंखा धरून, त्यावर प्रत्यक्षात किती तास निघतात?