मदत हवी आहे: अँड्रॉइड १५ वर कीबोर्ड उघडला की खालची रक्कम आणि 'नोंद करा' बटण झाकलं जातं

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्यातल्या काही दूध संकलन केंद्रांसाठी मी एक छोटं अँड्रॉइड ॲप सांभाळतो. कॉटलिनमध्ये आहे, स्क्रीन मात्र जुन्या एक्सएमएल लेआउटच्या, कंपोज नाही. नोंदीच्या स्क्रीनवर वरून खाली सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) आणि शेरा असे रकाने स्क्रोलव्ह्यूमध्ये आहेत. त्यांच्यावर, तळाशी तरंगती अशी एक पट्टी: डावीकडे दर आणि रक्कम, उजवीकडे 'नोंद करा'. मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या मुख्य सेटिंगच्या फाइलमध्ये) ॲडजस्टरिसाइझ आहे, म्हणजे कीबोर्ड आला की ॲपची खिडकी तेवढी आखडते, त्यामुळे आजवर कीबोर्ड उघडला की पट्टी आपोआप त्याच्या डोक्यावर येऊन बसायची.

३१ ऑगस्ट २०२५ पासून प्ले स्टोअरवर अपडेट द्यायचं तर टार्गेट एसडीके (ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवलं ते सांगणारा आकडा) किमान ३५ असणं सक्तीचं झालं, म्हणून तो वाढवला. तेव्हापासून अँड्रॉइड १५ च्या फोनवर कीबोर्ड सरळ पट्टीवर चढतो. तीच एपीके अँड्रॉइड १३ वर व्यवस्थित चालते.

दिसायला किरकोळ वाटेल, पण केंद्रावर ही पट्टीच सगळ्यात महत्त्वाची आहे. ऑपरेटर फॅट टाकतो तेव्हा समोर किटली घेऊन उभा असलेला उत्पादक स्क्रीनकडे बघत असतो. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला जो दर, त्याच्या वरखाली प्रत्येक पॉइंटला पैसे बदलतात. आकडा पडतापडता रक्कम बदलताना दिसली की त्याला खात्री पटते. ३.८ च्या जागी ३.३ पडलं तर तो तिथल्या तिथे म्हणतो, "अहो, बघा जरा परत." आता रक्कमच दिसत नाही. बॅक दाबून कीबोर्ड खाली करायला पहाटेच्या रांगेत कुणाला वेळ नसतो, मग चूक पावती छापून झाल्यावर कळते आणि वाद होतो. वाद ऑपरेटरशी होतो, ज्याचा यात काही दोष नाही. मला हे लवकर सोडवायचं आहे.

आतापर्यंत केलेले प्रयोग:

ॲडजस्टपॅन (खिडकी न आखडता ती वर सरकवणारा पर्याय) लावून पाहिलं. चालू रकाना वर येतो, पण पट्टी झाकलेलीच राहते आणि वरची तारीख व शिफ्ट स्क्रीनबाहेर जाते. सकाळची नोंद संध्याकाळच्या शिफ्टला पडायला तेवढं पुरे.

पट्टीला खालून ठरावीक मार्जिन देणं जमत नाही, कारण आकड्यांचा कीपॅड आणि शेऱ्यासाठीचा मराठी कीबोर्ड यांची उंची वेगळी आहे. मराठी कीबोर्डवर शब्द सुचवणारी पट्टीही येते.

एज-टू-एजच्या (मजकूर पूर्ण स्क्रीनभर पसरण्याच्या) सक्तीतून सूट देणारा थीममधला गुणधर्म लावला की सगळं पहिल्यासारखं होतं. पण अँड्रॉइड १६ वर टार्गेट ३६ केलं की ती सूट चालत नाही, त्यामुळे त्यावर विसंबायचं नाही.

शेवटी इन्सेटचा लिसनर लावला (इन्सेट म्हणजे कीबोर्ड किंवा बार स्क्रीनची किती जागा घेतो तो आकडा; तो बदलला की लिसनरमधला कोड चालतो). पट्टीला कीबोर्डची उंची अधिक नेव्हिगेशन बारची उंची एवढा मार्जिन दिला. पट्टी वर आली, पण तिच्या आणि कीबोर्डच्या मध्ये एक रिकामी फट राहते. स्क्रोलव्ह्यूलाही तेवढंच खालचं पॅडिंग दिलं, तरी शेरा टॅप केल्यावर तो रकाना कीबोर्डमागेच राहतो. हाताने स्क्रोल केलं तर दिसतो.

आणखी दोन अडचणी आहेत. नोंद झाल्यावर कर्सर पुन्हा सभासद क्रमांकावर यावा आणि कीबोर्ड उघडाच राहावा असं हवं आहे, पण तो दर वेळी मिटतो. दुसरं म्हणजे, काही केंद्रांवर ब्लूटूथ काटा आहे, लिटर आपोआप भरतं. तिथे लिटरच्या रकान्यात फोकस गेला तरी कीबोर्ड उघडायला नको.

कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

घाटमाथा:

टार्गेट ३५ केलं की अँड्रॉइड १५ वर तुमचा मजकूर स्टेटस बारपासून नेव्हिगेशन बारपर्यंत पूर्ण स्क्रीनभर पसरतो. अशा वेळी ॲडजस्टरिसाइझ खिडकी आखडत नाही. कीबोर्ड किती जागा खातोय हे फक्त इन्सेटमधून कळवलं जातं, जागा तुम्हीच सोडायची. मॅनिफेस्टमधली ओळ मात्र काढू नका, अँड्रॉइड १० आणि त्याआधीच्या फोनवर कीबोर्डची उंची मिळायला ती लागते.

फट का पडते: कीबोर्डचा इन्सेट स्क्रीनच्या तळापासून मोजलेला असतो, त्यात नेव्हिगेशन बारची उंची आलेलीच असते. तुम्ही ती दोनदा मोजताय. बेरीज करू नका. गेटइन्सेट्सला सिस्टमबार्स आणि आयएमई (म्हणजे कीबोर्ड) हे दोन्ही प्रकार 'ऑर' लावून एकत्र द्या, प्रत्येक बाजूला दोन्हींतला मोठा आकडा मिळतो. कीबोर्ड मिटलेला असेल तर नेव्हिगेशन बारपुरती जागा, उघडला की कीबोर्डपुरती.

आता शेऱ्याचं. स्क्रोलव्ह्यूचा स्वतःचा आकार बदलला की तो फोकस असलेला रकाना नजरेत आणतो. नुसतं पॅडिंग बदललं तर आकार तोच राहतो, म्हणून तो हलत नाही. पॅडिंग सगळ्यात बाहेरच्या लेआउटला द्या. तरंगती पट्टी काढून उभा लिनियरलेआउट करा: वर स्क्रोलव्ह्यू, उंची शून्य आणि वेट १ (म्हणजे उरलेली सगळी जागा त्याला), खाली पट्टी. बाहेरचं पॅडिंग वाढलं की स्क्रोलव्ह्यू खरोखर आखडतो आणि बाकीचं तोच करतो.

ब्लूटूथ काट्यासाठी त्या रकान्यावर सेटशोसॉफ्टइनपुटऑनफोकस फॉल्स करा. फोकस जातो, कर्सर दिसतो, कीबोर्ड येत नाही. काटा बंद पडला तर हाताने लिटर टाकता यावं म्हणून शेजारी कीबोर्डचं एक छोटं बटण ठेवा. केंद्रावर वीज जाणं काही नवीन नाही.

नोंदीनंतर कीबोर्ड मिटतो म्हणता, तर सेव्ह चालू असताना रकाने डिसेबल करता का?

प्रश्नकर्ता:

हो, नोंद दोनदा पडू नये म्हणून सर्व रकाने डिसेबल करतो.

घाटमाथा:

मग तेच कारण. ज्या एडिटटेक्स्टमध्ये टायपिंग चालू आहे तो डिसेबल झाला की अँड्रॉइड स्वतःच कीबोर्ड मिटवतं. रकाने तसेच ठेवा, फक्त 'नोंद करा' बटण डिसेबल करा. नोंद झाली की रकाने रिकामे करून सभासद क्रमांकावर रिक्वेस्टफोकस करा. एका रकान्यातून दुसऱ्यात फोकस जाताना कीबोर्ड उघडाच राहतो. कीबोर्डवरच्या 'डन'नेही नोंद करत असाल तर एडिटर ॲक्शनच्या लिसनरमधून ट्रू परत करा, नाहीतर 'डन' कीबोर्ड मिटवणारच. आणि त्या वाटेनेही नोंद दोनदा पडणार नाही हे तिथेच तपासा.

चिंचगूळ:

शेरा मराठीत आहे म्हणून एक भर घालते. आमच्या ॲपमध्ये टेक्स्टवॉचरमधून (मजकूर बदलला की चालणाऱ्या कोडमधून) जास्तीच्या स्पेस काढून सेटटेक्स्ट करत होते. इंग्रजी अक्षरांनी मराठी टाइप करणाऱ्यांचा शब्द अर्धाच तुटायचा, कारण सेटटेक्स्ट झालं की कीबोर्डशी चाललेलं संधान नव्याने सुरू होतं आणि अजून पक्का न झालेला शब्द हातचा जातो. टाइप करताना मजकुराला हात लावू नका, साफसफाई नोंद करताना करा. शेऱ्यावर 'फक्त अक्षरं चालतील' असा फिल्टर असेल तर तोही तपासा. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे युनिकोडमध्ये अक्षर म्हणून नाही तर चिन्ह म्हणून मोडतात, त्यामुळे 'पाणी'चं 'पण' होऊन बसतं.

प्रश्नकर्ता:

घाटमाथा, चिंचगूळ, मनापासून आभार. लेआउट बदलून अँड्रॉइड १५ वर चालवून पाहिलं. पट्टी कीबोर्डला अगदी चिकटून बसते, शेऱ्याचा रकाना आपोआप वर येतो, फॅट टाकताना रक्कम सतत दिसते. नोंदीनंतर कीबोर्डही उघडा राहतो. स्पेस काढण्याचं काम नोंदीच्या वेळी हलवतोय.

एक राहिलं. नवीन सभासदाची माहिती खालून वर येणाऱ्या शीटमध्ये भरतो, बॉटमशीटडायलॉग. तिथे बँक खात्याचा शेवटचा रकाना अजून कीबोर्डखाली जातो. ॲक्टिव्हिटीवरचा लिसनर तिथपर्यंत पोचत नाही का?

घाटमाथा:

नाही, डायलॉगची खिडकी वेगळी असते. शीटमधल्या बाहेरच्या लेआउटला हाच लिसनर स्वतंत्रपणे लावा आणि डायलॉगच्या खिडकीलाही ॲडजस्टरिसाइझ द्या. पण माझं मत विचाराल तर इतके रकाने शीटमध्ये ठेवूच नका. आडव्या फोनवर कीबोर्ड उघडल्यावर शीटला जागाच उरत नाही. सभासद नोंदणीला वेगळी स्क्रीन द्या, तिथे आत्ता केलेला लेआउट जसाच्या तसा चालेल.