सिम८००एल वरून मेसेज जातो पण नेट चालत नाही, फोरजी मॉड्यूल घेऊ का?

विहीरवाला_सांगोला:
मंडळी मदत करा. विहिरीतल्या पाण्याची लेव्हल दर १५ मिनिटांनी सर्व्हरला पाठवायची आहे, सिम८००एल (सिम टाकून चालणारं टूजी मॉड्यूल) आणि अर्डुइनो नॅनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) वापरतोय. एसएमएस मस्त जातो. पण एचटीटीपीअॅक्शन (सर्व्हरला डेटा पाठवायची कमांड) केलं की ६०१ म्हणजे नेटवर्क एरर येतं, दर वेळी ६०१. एटी+सीएसक्यू ला १४ येतं, एटी+सीरेग? ला ०,१. सिम एअरटेलचं, रिचार्ज आहे. तीन रात्री गेल्या, घरचे म्हणतायत बादली टाकून बघ पाणी किती आहे ते. सरळ फोरजीवालं मॉड्यूल मागवू का, कुठलं घेऊ?

सोल्डर_आणि_चहा:
थांब, लगेच पैसे घालू नकोस. सीएसक्यू १४ म्हणजे उणे ११३ अधिक दुप्पट १४, उणे ८५ डीबीएम, रेंज चांगलीच आहे. ०,१ म्हणजे टॉवरवर नोंदणी झालीये. पण ती नोंदणी कॉल-मेसेजची, डेटाची गोष्ट वेगळी. एटी+सीजीएटीटी? (डेटा जोडलाय का) आणि एटी+एसएपीबीआर=२,१ (नेट कनेक्शन उघडं आहे का, आयपी काय) दे आणि जे येईल ते जसंच्या तसं इथे टाक. आणि आधी एटी+सीएमईई=२ मार म्हणजे नुसतं एरर न येता कारण पण येईल.

विहीरवाला_सांगोला:
सीजीएटीटी १. एसएपीबीआर ला १,३ आणि पुढे ०.०.०.०, म्हणजे कनेक्शन बंदच. पण मी एपीएन (सिम कंपनीच्या नेटचं नाव) टाकलाय की, एटी+सीएसटीटी ने, मग सीआयआयसीआर ने कनेक्शन उघडलं, सीआयएफएसआर ला आयपी पण दिसतो??

सोल्डर_आणि_चहा:
हां मग सापडलं. सगळे इथेच फसतात, मी पण फसलोय. या मॉड्यूलमध्ये नेटला दोन वेगळ्या वाटा आहेत. सीएसटीटी वाली वाट सीआयपीस्टार्ट साठी, म्हणजे स्वतः सर्व्हरशी टीसीपी कनेक्शन उघडणार असशील तर. एचटीटीपी च्या कमांड एसएपीबीआर वाल्या वाटेने जातात, त्यांना तुझा तो आयपी दिसतच नाही. तेव्हा एटी+सीआयपीशट करून पहिली वाट बंद कर, मग एसएपीबीआर=३,१ ने कॉनटाइप जीपीआरएस, परत ३,१ ने एपीएन (एअरटेलला एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम), मग १,१ ने कनेक्शन उघड. इथे घाई नको. १,१ ला उत्तर यायला ८५ सेकंदांपर्यंत लागू शकतात असं मॅन्युअलमध्येच आहे, आणि सगळ्यांचे कोड डिले २००० (दोनच सेकंद) लावून मोकळे. मग २,१ मारून आयपी आला तरच एचटीटीपीइनिट ने एचटीटीपी सुरू कर, आणि सीआयडी १ (कुठलं कनेक्शन वापरायचं तो नंबर) विसरू नको.

नॅनोप्रेमी:
सप्लाय कुठून देतोयस ते सांगितलंच नाहीस. नॅनोच्या ५ व्होल्ट पिनवरून असेल तर आधी ते काढ.

विहीरवाला_सांगोला:
भाऊ आयपी आला!! २०० (सर्व्हरचं ओके) पण आलं एकदा. पण आता चार-पाच वेळा पाठवलं की मध्येच आरडीवाय, कॉल रेडी असं काहीतरी छापून येतं आणि सगळं पहिल्यापासून. सप्लाय एलएम२५९६ (व्होल्टेज कमी करणारा बोर्ड) चा, ४.२ व्होल्टवर सेट, मल्टीमीटर पण ४.२ च दाखवतो.

नॅनोप्रेमी:
आरडीवाय म्हणजे मॉड्यूल रिस्टार्ट झालं. ट्रान्समिटच्या क्षणी ते २ अँपिअरपर्यंत खेचतं, तेही अर्ध्या मिलिसेकंदाच्या झटक्यात, तेवढ्यात व्होल्टेज ३.४ च्या खाली गेलं की संपलं. मल्टीमीटरला तो झटका दिसणारच नाही, तो सरासरी दाखवतो. मेसेज छोटा म्हणून निभावून जातो. ब्रेडबोर्डच्या त्या केसासारख्या वायरी फेक, जाड आखूड वायर सोल्डर कर आणि मॉड्यूलच्या पायाशीच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ग्राउंड सगळ्यांचा एकच ठेव.

जुना_मेंबर:
फोरजीबद्दल बोलू का. पुढेमागे जिओचं सिम टाकायचं असेल तर हे मॉड्यूल कामाचं नाही, ते टूजी आणि जिओकडे टूजी नाहीच. तेव्हा ए७६७० हे फोरजी मॉड्यूल घे, पण मागवताना बँड (ते कुठल्या फ्रिक्वेन्सी पकडतं) बघ, आपल्याकडे ३, ५, ८, ४०, ४१ लागतात. आणि त्यात एसएपीबीआर नाही, सीजीडीसीकॉन्ट ने एपीएन, नोंदणी बघायला सीईरेग, म्हणजे कोड परत लिहायचा.

विहीरवाला_सांगोला:
कपॅसिटर १००० चा नव्हता, ४७० चे दोन पॅरलल लावले, वायर जुन्या मोटरसायकलच्या हॉर्नची. काल संध्याकाळी सातपासून चालू आहे, एकही आरडीवाय नाही. फोरजी कॅन्सल. आता सेन्सरला कोळी जाळं करतोय आणि विहीर भरली म्हणून सांगतोय, त्याचा वेगळा धागा काढतो.