मदत हवी आहे: पत्र्याच्या ड्राइव्हट्रेनला पीळ पडतोय, कटिंगची फाइल उद्या द्यायची आहे

स्प्रॉकेट_२५:
स्पर्धेच्या रोबोचा सहा चाकी ड्राइव्ह (चाकं, चेन आणि त्यांना धरणारी चौकट) पत्र्यात करतोय. दोन्ही बाजूंना समांतर प्लेट्स, मधे चाकं आणि चेन. नमुना कोपऱ्याला ढकलला की चौकट पिळते आणि वळताना चेन दात सोडते. पत्रा किती जाड घेऊ? लवकर सांगा.

काटकोन:
आत्ता जाडी किती? अलॉय (मिश्रधातू) कोणता? फ्लँज, म्हणजे वाकवलेली कड, कुठल्या बाजूला? खाली पॅन, म्हणजे तळाचा पत्रा, आहे का? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

स्प्रॉकेट_२५:
अ‍ॅल्युमिनियमच आहे, २ मिमी. प्लेट्स सी आकाराच्या. जाडीचं सांगा ना.

नळीवाला:
पत्रा सोडा, बॉक्स ट्यूब घ्या. चाकं बाहेरून लटकती ठेवा. चाक झटकन बदलता येतं आणि बेअरिंग ब्लॉक सरकवून चेनला ताण देता येतो. आम्ही दरवर्षी हेच करतो.

काटकोन:
त्यांनी ट्यूब विचारलेली नाही. पत्र्याच्या रचनेत शाफ्टला दोन्हीकडून आधार असतो, बाजूने धक्का बसला तरी तो सहसा वाकत नाही. तुमचा लटकता शाफ्ट वाकतो.

नळीवाला:
आमचा आजवर वाकलेला नाही.

गिअर_बदल:
मधलं चाक ३ मिमी खाली घ्या, रोबो सहज वळेल. नाहीतर सरळ मेकॅनम (तिरक्या रोलरची चाकं) लावा, आडवंही जाता येतं.

काटकोन:
धागा पिळाचा आहे. आणि मेकॅनमला चारही चाकांवर नीट भार लागतो, चौकट वाकडी झाली की रोबो तिरका पळतो. @स्प्रॉकेट_२५, अलॉय ५०५२ की ६०६१? पॅनबद्दलही सांगितलं नाहीत.

स्प्रॉकेट_२५:
६०६१-टी६. घडीवर बारीक रेषा आल्यात, पण वर पावडर कोटिंग होणार आहे. पॅनला बॅटरीसाठी मधे मोठा कट आहे, चार कोपऱ्यांत बोल्ट.

काटकोन:
त्या रेषा म्हणजे तडे आहेत, कोटिंगखाली ते वाढतच जातील. टी६ म्हणजे कडक केलेला पत्रा, तो लहान त्रिज्येत वाकवला की बाहेरून फाटतो. ५०५२-एच३२ घ्या, तो वाकवायला सोपा.
जाडीच्या मागे लागू नका. उघडा सी आकार पिळापुढे फार दुबळा असतो. २ चे ३ मिमी केलेत तर वजन दीडपट होईल. पिळाला विरोध साधारण ३.४ पट वाढेल, पण बंद पेटीच्या मानाने तोही किरकोळच. आतली-बाहेरची प्लेट वरखाली जोडून पेटी बंद करा. पॅन अखंड ठेवा आणि चारही कडांना ४.८ मिमीचे रिव्हेट दर ४०-५० मिमीवर मारा. कोपऱ्यातले चार बोल्ट पुरत नाहीत.
चेनसाठी बेअरिंगची भोकं तपासा. भोकाची कड घडीपासून निदान (जाडीची अडीचपट + घडीची आतली त्रिज्या) एवढी लांब हवी. जवळ असेल तर वाकवताना भोक लंबगोल होतं, शाफ्ट तिरका बसतो. तुमची त्रिज्या किती?

स्प्रॉकेट_२५:
त्रिज्या सॉफ्टवेअरने आपोआप घेतली आहे. पॅन अखंड केला तर बॅटरी वर न्यावी लागेल.

काटकोन:
वर नको, रोबो उलटेल. पॅनवरच आडवी ठेवा. आणि बेंडिंगवाल्यांकडून त्यांच्या डायची (वाकवायच्या साच्याची) त्रिज्या आणि के-फॅक्टर (घडीत पत्रा किती ताणतो ते धरायचा आकडा) घ्या, नाहीतर सपाट माप चुकेल आणि शाफ्टची भोकं समोरासमोर येणार नाहीत.

नळीवाला:
ट्यूबला हे काहीच लागत नाही.

स्प्रॉकेट_२५:
बेंडिंगवाल्यांना विचारतो, तोवर फाइल थांबवली आहे. रिव्हेट अ‍ॅल्युमिनियमचे चालतील की स्टीलचेच हवेत?